खाण्यास बंदी, निजण्यास नाही

(मानवत. बायनाबाई चिरलेल्या कांद्यांच्या गादीवर पहुडलेल्या. मुलगा आदिनाथ उशाशी, डॉक्टर सत्यशीला दारात, दोघांच्याही नाकाला रुमाल.)

बायनाबाई : ...तात्याराव, त्यांचे चिरंजीव सूर्यभान, त्यांचे व्यंकटराव. या तीन पिढ्यांनी गळ्यात माळ घातली. कांदा पिकवला, विकला, पण जिभेला लावला नाही. त्या घराची मी सून. मी कांदा खाईन, असे तुला वाटलेच कसे?

सत्यशीला : आजी, खा म्हणलंच न्हाई मी. छातीत गाठ हाय, सोमवारी ऑपरेशनला परभणीला या, एवढंच म्हणायलेय.

बायनाबाई : कांद्याने गाठ विरते, हे आदिनाथनेच मोबाइलवर वाचून दाखवले. आम्हाला खाण्यास बंदी आहे, निजण्यास नाही.

आदिनाथ : माय, साऱ्या घराच्या डोळ्याला धार लागलीय. आमाला रडताना बघून गल्लीतले लोक मयतीला आले. तू पडल्या पडल्या त्यांना चहा विचारला, तर एक जण चक्कर येऊन पडला.

बायनाबाई : माझ्या परवानगीवाचून जमले होते.

सत्यशीला : कांद्यातल्या क्वेर्सेटिन नावाच्या द्रव्यावर अभ्यास चालू हाय, ते खरं. पण काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर. माणसाची गाठ त्यानं गेली, असं सिद्ध झालेलं न्हाई.

बायनाबाई : बशीतल्या पेशीने तरी कांदा कुठे खाल्ला? तिच्या अंगावर घातला. मी तेच करीत आहे.

आदिनाथ : डॉक्टरीणबाई, आता बोला.

सत्यशीला : गाठ लहान हाय, आजी. आता काढली तर निघंल. उशीर केला तर माझ्या हातात काही राहणार न्हाई. ऐका माझं.

बायनाबाई : मी कोणाचे ऐकत नसते.

सत्यशीला : एकदा ऐकलंय. आदिनाथमामा पोटात आडवे होते, तवा माझ्या आजीचं. रेणुकादाईचं.

बायनाबाई : ती माझ्यावर ओरडली होती. त्यानंतर आजवर कोणाची छाती झाली नाही.

सत्यशीला : तुमी लुगडं द्यायला गेलात, तिनं घेतलं न्हाई. म्हणली, ‘कधी माझ्या घरचं माणूस काही सांगंल, तेवढं ऐका.’ तुमी हो म्हणलात.

बायनाबाई : त्याला पन्नास वर्षे झाली.

सत्यशीला : आज मागायला आलेय.

आदिनाथ : माय...

बायनाबाई : गप्प बस. किती वाजता निघायचे, ते हिला विचार.

सत्यशीला : सकाळी सातला. उपाशीपोटी.

बायनाबाई : येईन. रेणुकाचे देणे फिटले. आता हात दे, पोरी. या कांद्यांतून मला एकटीला उठता येत नाही.