पाटीचा खांब

इंजिनिअर : बाई, जरा बाजूला व्हा. माणसांना खणू द्या.

बहीण : साहेब, किती वेळा सांगू? इथं आमची आई आहे.

इंजिनिअर : नकाशात ही जागा मोकळी आहे. मागची ती संगमरवरी कबर माजी राज्यपालांची. त्यांची माहिती देणारी पाटी वाटेवरून वाचता आली पाहिजे, म्हणून खांब इथंच. वरचे साहेब स्वतः जागा पाहून गेलेत.

बहीण : काय दिसलं त्यांना?

इंजिनिअर : गवत. ना दगड, ना कठडा. मी कशावरून मानू? मागे एका ठिकाणी एक गृहस्थ अडून बसले, माझी सासू या बाकाखाली आहे म्हणून. चौकशी केली तर ती शेजारच्या गावात निघाली. जिवंत.

बहीण : हा माझा भाऊ आला. यालाच विचारा. सांग रे.

भाऊ : आईच आहे, साहेब. मीच माती दिली.

इंजिनिअर : मग दगड का नाही बसवला?

बहीण : बोल ना आता.

भाऊ : मी काय बोलू? दगड कधीचा आणून ठेवलाय. माझ्या अंगणात पडलाय, बायको त्याच्यावर कपडे आपटते. हिनं एक अक्षर कोरू दिलं नाही.

बहीण : काय कोरणार होतास, तेही सांग.

भाऊ : बाबांची पत्नी, असं. सगळे लिहितात तसं.

बहीण : आम्हाला उघड्यावर टाकून गेलेला माणूस, आणि त्याचं नाव हिच्या उशाशी? हिनं बालवर्ग चालवून आम्हाला वाढवलं, साहेब. अर्ध्या गावाला पेन्सिल धरायला शिकवली. ‘बालवर्गाच्या बाई’ एवढंच लिही म्हटलं, तर याचं तोंड वाकडं.

भाऊ : बाबा शेवटी माझ्याकडे आले, ताई. तू दारातसुद्धा आली नाहीस. मी त्यांना शब्द दिला होता.

बहीण : आणि आईला विचारलं होतंस?



इंजिनिअर : हे बघा, घरचं भांडण घरी. उद्या सकाळी पाटीचं अनावरण आहे. माणसं जेवायला जातायत. संध्याकाळपर्यंत इथं दगड उभा दिसला, तर खांब पलीकडे सरकवतो, वरच्यांची बोलणी खातो. नाही दिसला, तर खणायला लावणार. मग मला अडवू नका. चला रे.

बहीण : ती तिथं टेकवून ठेवलेली पाटी वाचलीस का? राज्यपालांच्या घोड्याचंसुद्धा नाव आहे तिच्यावर.

भाऊ : टोमणे पुरे. हट्ट तूही केलास.

बहीण : केला. मग?

भाऊ : मग काही नाही. पाथरवटाच्या हातापाया पडलो, तरी संध्याकाळपर्यंत तो आईचं नाव तेवढं कोरेल.

बहीण : म्हणजे बाबा नाहीत?

भाऊ : नाहीत. बालवर्गही नाही.

बहीण : नुसत्या नावानं कुणाला काय कळणार रे?

भाऊ : नाही कळणार. पण तिच्या अंगावर खांब तरी येणार नाही. चल, दगड उचलायला हात लाव.

बहीण : शेजाऱ्याला घे सोबत. ही माणसं लवकर परतली, तर इथं कुणीतरी हवं.

भाऊ : ऊन आहे, ताई.

बहीण : असू दे. मी बसते तिच्याजवळ.