आजारी कोणाला धरायचं?

विम्याची तुलना करायला नवरा-बायकोला एकत्र बसवू नये, हे मला परवा लालबागला विलासच्या घरी कळलं. विलास माझा शाळेपासूनचा मित्र. मेडिक्लेमच्या जोडीला आणखी एक पॉलिसी घ्यायची म्हणून त्याने एजंटबाईंना बोलावलं होतं, आणि सल्ल्याला मला.

बाई म्हणाल्या, "ही पॉलिसी मोठ्या आजाराचं निदान झालं की एकदम रक्कम देते. ही दुसरी, कामावर जाता येत नाही तोवर दरमहा पगारासारखे पैसे देते. उदाहरण घेऊ. समजा, सरांना कॅन्सर झाला..."

"शुभ बोला हो!" सुलभावहिनी कडाडल्या. "मला झाला असं धरा."

"तुला कशाला? मलाच धरा," विलास म्हणाला.

"गप्प बसा. साध्या सर्दीने घर डोक्यावर घेता तुम्ही!"

"आणि तू आडवी झालीस तर? मला गॅस पेटवता येत नाही, माहितीये ना?"

दोघं आजारासाठी हमरीतुमरीवर आली. माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली. खरं सांगतो, विलासच्या टॉवरमधल्या नव्या फ्लॅटचाही मला एवढा हेवा वाटला नव्हता.

शेवटी बाई कंटाळून माझ्याकडे वळल्या. "मग या काकांना धरू या का?"

"हो, चालेल!" दोघं एका सुरात म्हणाली.

पुढची तुलना झटपट उरकली. माझ्या आजाराला हरकत घेणारं तिथे कोणी नव्हतं.