नळीतली बुरशी

नाही हो ठकुकाकी, नायट्याची नव्हे ती बुरशी, किती वेळा सांगू — आणि कुणाची नजर लागली म्हणून पण नव्हे — बसा आधी, द्या ते कागद इकडे, डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायचेत ना, मी तारखेने लावून देते. पण त्या वॉर्डातल्या लोकांनी तुमच्या डोक्यात काय भरवलंय? काय म्हणाले? माणसातच ताकद नव्हती? काळूरामकाकांत? चाळीस वर्षं खाडीत होडी वल्हवलेला माणूस, आणि ताकद नव्हती म्हणे! मला ऐकूनच संताप येतो. अहो, त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जाऊन भिडल्या होत्या — मी बघितल्यात, ह्या इथे बसून, ह्या मायक्रोस्कोपखाली.

ऐका. आतड्याचं ऑपरेशन झालं, बरोबर? तोंडाने खायचं नाही म्हणून मानेत नळी घातली, तिच्यातूनच सलाईन, तिच्यातूनच अन्न. आता ही बुरशी आपल्या सगळ्यांच्या अंगावर असते, तुमच्या, माझ्या पण — थोडीफार रक्तात गेली तर पांढऱ्या पेशी गिळून टाकतात, कामच ते त्यांचं. पण प्लास्टिकला चिकटली ना, की तिचं रूपच बदलतं. थरावर थर चढवते, धागे काढते, वरून बुळबुळीत आवरण — पाण्याच्या पिंपात आतून हात फिरवला की लागतं ना, तसं. त्यात औषध शिरत नाही. म्हणून इंजेक्शन चालू असून ताप हटत नव्हता, औषध खोटं नव्हतं काकी. आणि पांढऱ्या पेशी? शेवटी नळी काढली तेव्हा तिचं टोक माझ्याकडे आलं, मी खरवडून काचेवर घेतलं — तर त्या आत होत्या. धाग्यांच्या मधे, ढिगाने. गेल्या, आणि तिथेच बसल्या. गिळेनात, मारेनात. मुंबईला आमचे एक जुने सर आहेत, त्यांना फोन लावला, तर म्हणाले, आता प्रयोगात दिसलंय तसं — पेशी आत शिरल्या की थर उलटा जाडच होतो. आता ह्यात काकांची काय चूक, सांगा!

नळी काढायची. बस. पहिला उपाय तोच. मी सांगितलं नाही का? चार वेळा फोन केला वॉर्डात. सिस्टर म्हणते, "दुसरी शीर गावत न्हाय मॅडम, हात सुजलेत त्यांचे." डॉक्टर म्हणतात, उद्या बघू. उद्या म्हणजे कधी? तुम्ही पण हात जोडलेत त्यांच्यापुढे, आता आणखी टोचू नका म्हणून — नाही, तुम्हाला बोल नाही लावत, नवऱ्याला टोचलेलं कोणाला बघवतं — पण एकवीस, बावीस, तेवीस, दिवस काय थांबतात? पंचवीसला काढली. सव्वीसला ताप उतरला. एका दिवसात! आणि तोवर ती बुरशी नळीवरून सुटून, रक्तातून वाहत जाऊन उजव्या डोळ्यात बसली. आता दिवा आहे की नाही एवढंच कळतं ना त्यांना त्या डोळ्याने?

हं. हा एकोणीस फेब्रुवारीचा, हा पंचवीसचा — काय? ताप बाराला आला होता? हो, असेल. बाराला पण रक्त घेतलं होतं? घेतलं होतं — हो, इथेच आलं होतं. त्याचा कागद ह्यात नसेल. आहे? कुठे, दाखवा. हा… हा काही कामाचा नाही, हा राहू द्या. काय लिहिलंय? काही नाही हो — लिहिलंय, बुरशी बाहेरून पडलेली, महत्त्व देऊ नये.

असं बघू नका. रक्त दोन बाटल्यांत घालून ठेवतो, काही उगवतं का बघायला — एकीत उगवली, एकीत नाही. आणि त्या महिन्यात लोडशेडिंग कसलं, रोज चार-पाच तास, हवा गाळायचं मशीन बंद, उघड्यावर बाटल्या हाताळायच्या — हवेतली बुरशी पडून तीन बाटल्या खराब झाल्या माझ्या. लॅबच्या साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं, "निशा, लोणचं घालतेस का बाटल्यांत?" लोक हसले. आणि तिसऱ्या दिवशी ही चौथी, परत बुरशी. काय वाटणार मला? वॉर्डातून फोन आला, खरी आहे का बाहेरची? मी म्हटलं, बाहेरची. म्हटलं मी. दुसऱ्यांदा लावून बघायची असते, नाही बघितली. बाटली टाकून दिली, साहेबांच्या नजरेला पडायच्या आत. मग एकोणीसला परत रक्त आलं — दोन्ही बाटल्यांत तीच. तेव्हा मी फोनवर फोन केले, चार चार वेळा — तेव्हा. सात दिवस काकी. सात दिवस ती नळीत वाढत होती. सरांना विचारलं मी, तेव्हाच काढली असती तर डोळा वाचला असता का? म्हणाले, सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे काय, एवढी शिकलेली माणसं —

शिव्या द्या. सिस्टरला दिल्यात ना परवा, मग मला द्या.

नाही, पाणी नको मला.

हा घ्या. बाराचा सगळ्यात वर ठेवलाय, डॉक्टरला आधी तोच दाखवा. सही साहेबांची आहे, कोऱ्या कागदांवर आधीच करून ठेवतात ते, अक्षर माझं आहे — कोणी विचारलं तर सांगा, टेमघरची निशा. आता जा तुम्ही. जा म्हटलं ना. डोक्यावरून हात कसला फिरवताय — जा!