पाणी ५ ते ६.३०, पेशी ८

मेघना : "पाणी ५ ते ६.३०. पेशी मोजता येत नाहीत." बाबा, जिन्याखालच्या फळ्यावर हे कुणी लिहिलंय?

सीताराम : कमिटीन.

मेघना : कमिटीत कोण कोण आहे?

सीताराम : सेक्रेटरी मी. बाकीचे गावाक गेलेत.

हितेंद्र : बाबा, त्या पेशी आमच्या आहेत.

सीताराम : नाव खंय लिवलंय? सुनेचा नाव गुप्त ठेवलंय.

मेघना : अख्ख्या चाळीत सध्या पेशी फक्त आमच्याच चालू आहेत! गुरुवारी तळमजल्यावरचा गौतम जिन्यात हात जोडून म्हणाला, "वहिनी, आठ झाल्या, अभिनंदन." मी थँक्यू म्हटलं. मला वाटलं, ऑफिसात आठ वर्षं झाली त्याबद्दल म्हणतोय.

हितेंद्र : तुम्हाला आकडे मिळाले कुठून?

सीताराम : तुझो मोबाईल चार्जिंगक माझ्या उशाशी असता. लॅबवाली रोज दहा वाजता धाडता. मंगळवारी एक, बुधवारी चार, गुरुवारी आठ. काल अकस्मात गोळो. माझो जीव खाली-वर. कारण चूक माझीच.

मेघना : तुमची कशी? गर्भाची बशी परळला, लॅबमध्ये आहे.

सीताराम : रोज सकाळी गॅलरीत देवाक गाऱ्हाणा घालतंय. बा देवा म्हाराजा, एकाचे चार कर, चाराचे आठ कर, आणि सगळ्यांका एकत्र नांदव. ती शेवटची ओळ लग्नातली. सवयीन तोंडातून गेली. दुसऱ्या दिवशी सगळे एकमेकांक चिकटले.

हितेंद्र : आणि "व्हय म्हाराजा" कोण म्हणतं?

सीताराम : दात घासूक उभी आसतत ती.

मेघना : चौथ्या दिवशी चिकटायचंच असतं, बाबा. डॉक्टर म्हणाल्या. पेशी एकमेकींना इतक्या घट्ट धरतात की वेगळ्या मोजताच येत नाहीत.

सीताराम : म्हंजे देवान बरोबर ऐकला. पण आठ झाले तरी गर्भ मोठो कसो होयना? हितू म्हणालो, आकार तेवढोच.

मेघना : बाहेर कवच असतं ना. तेवढ्याच जागेत एकाच्या दोन, दोनाच्या चार.

सीताराम : ही खोली! एकशेसाठ फूट. मी गिरणीत लागलंय तेव्हा एकटो. लगीन झाला, पडदो लावलो. हितू झालो, पोटमाळो काढलो. मगे भाऊ इलो, तो बायकोसकट. म्युन्सिपाल्टीच्या नकाशात खोली तेवढीच.

हितेंद्र : बाबा, हे विज्ञान आहे.

सीताराम : हां. आमचा सगळा बिगरविज्ञानाचा झाला.

मेघना : विषय बदलू नका. टेस्ट ट्यूब बेबीचा हा आमचा तिसरा प्रयत्न आहे आणि शेवटचा. आता मी एक सुई टोचून घेणार नाही. सहा गर्भांतला एकच वाढतोय. तो पाचव्या दिवसापर्यंत पोचला की नाही, ते आज अकराला कळेल. नाही पोचला, तर फळ्यावर काय लिहिणार? शून्य? आणि येता-जाता सगळे वाचणार. पुसून टाका, बाबा.

सीताराम : गेल्या दोन टायमाक फळ्यार काय नव्हता. तू मोरीत नळ सोडून रडलंस. आपल्याकडे पाणी दीड तास येता गो. नळ कोणाचो किती वेळ चालू आसा, सगळ्या चाळीक कळता. पण कोणाक काय बोलूक येयना. तुम्ही सांगूकच नाय.

मेघना : सगळ्यांना माहीत होतं?

सीताराम : वरच्या कालिंदीक पाणीच चढाक नाय. तिच्या पोरान खाली येवन दार ठोठावक घेतल्यान, तर तिणा हाक मारून परत बोलावल्यान. म्हणाली, रडांदे तिका. पाणी उद्या भरू.

हितेंद्र : फोन वाजतोय. लॅब.

(तिघंही फोनकडे बघत राहतात. चौथ्या रिंगला हितेंद्र उचलतो.)

हितेंद्र : हां मॅडम. हां... हां... एकच ना? हां. ओके मॅडम... पोचला.

मेघना : नीट सांग.

हितेंद्र : पोचला गं. मस्त फुगलाय म्हणाल्या. आतमध्ये पाण्याची पोकळी झालीय. साडेबाराला तुझ्या पोटात सोडणार. रिझल्ट चौदा दिवसांनी. आणि तू आत्तापासून एक लिटर पाणी प्यायचंय.

सीताराम : पाणी भरलेला आसा. पी तू.

मेघना : फोटो दाखव.

हितेंद्र : हा बघ. बाबा, हे बघा, कोपऱ्यात मूठभर दिसतायत ना? त्या आतल्या पेशी. बाळ त्यांचं होणार.

सीताराम : आणि ही कडेन इतकी उभी आसत ती?

मेघना : त्या बाहेरच्या. त्यांची वार होते. गर्भाशयाला धरून राहतात, बाळाला काय हवं-नको ते पोचवतात. नऊ महिने.

सीताराम : मगे?

मेघना : मग काय, बाळ जन्मलं की वार पडते. काम संपलं.

सीताराम : बारश्याक नाय बोलवत त्यांका?

हितेंद्र : नाही, बाबा.

सीताराम : खंय ठेवलंय गो मी तो खडू?

मेघना : बाबा, पुसायला सांगितलंय मी.

सीताराम : पुसतंय. तू पाणी पी. मी पुढे होतंय.

...

हितेंद्र : सावकाश उतर. टॅक्सी उभी आहे. आणि फळ्याकडे बघू नकोस.

मेघना : थांब, वाचू दे. "पाणी ५ ते ६.३०. पेशी सुखरूप पोचल्या. आतल्यांनी घाई करू नये. कमिटी बाहेरच्यांची आभारी आहे. आदेशावरून."

हितेंद्र : पुसू का मी?

मेघना : नको. खडू बाबांकडेच असू दे. चौदा दिवस आहेत अजून.