डाव्या कानातलं फूल

बाबा : …म्हणून सांगतो, ज्याला स्वतःच्या वस्तू सांभाळता येतात, तोच माणूस जगात ताठ मानेनं जगतो. साऱ्या शहाणपणाचं सार एवढंच.

लेक : बाबा, आपण हरवलेल्या सामानाच्या ऑफिसात बसलोय. तुमच्यामुळे.

बाबा : तत्त्व तत्त्वाच्या जागी.

लेक : आणि पिशवी?

बाबा : ती गाडीत. विमानतळावरून तुझ्याकडे येताना, खिडकीजवळच्या सीटवर. किती वेळा वदवून घेशील?

लेक : मोठ्या बॅगेला तीन कुलपं. आत काय, तर बनियन! आणि आईची कानातली फुलं कापडी पिशवीत, खोकल्याच्या गोळ्यांशेजारी.

बाबा : परदेशात चोराचा डोळा मोठ्या बॅगेवर असतो, असं ऐकलं होतं. म्हणून त्याच्यासाठी बनियन ठेवले. युद्धनीती असते ती.

लेक : पण चोर नव्हताच तिथं! तुम्ही स्वतःच पिशवी विसरून उतरलात.

बाबा : हां. त्या बाजूनं हल्ला होईल, हे ध्यानात आलं नाही.

लेक : मुळात पिशवी उघडलीतच कशाला?

बाबा : तालीम करत होतो.

लेक : कसली?

बाबा : फुलं तुझ्या हातात देताना काय बोलायचं, त्याची. "बाळ, तुझ्या आईनं…" इथपर्यंत नीट यायचं. पुढं घसा धरायचा. मग गोळी काढायची, पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात तुमचं स्टेशन आलं.

लेक : …बरं. काल मी कामावर असताना तुम्ही इथं एकटेच येऊन गेलात ना? काय म्हणाल्या खिडकीवरच्या बाई?

बाबा : फार मोठ्या मनाची बाई. मी फोनमध्ये मराठीत बोललो, फोन त्यांच्या भाषेत बोलला. ऐकून त्यांनी माझा हातच धरला. म्हणाल्या, "वाईट वाटलं. पण फुलं टिकत नसतात हो." काय समजूत घातली! आपल्या अख्ख्या बिल्डिंगीत एकालाही इतकं सुचलं नव्हतं.

लेक : थांबा, थांबा. फोनला तुम्ही नेमकं काय सांगितलंत?

बाबा : "माझ्या बायकोची फुलं गाडीत राहिली. बायको गेली."

लेक : कानातली म्हणालात?

बाबा : फुलं म्हटल्यावर कानातलीच. आपल्या घरात फुलदाणी कधी होती?

लेक : बाबा! त्यांना वाटलं, गुलाबबिलाब! बसा इथंच. कुठं जाऊ नका आणि कुणाला तत्त्व सांगू नका.

(लेक खिडकीशी जाते, बाईंशी तिथल्या भाषेत बोलून परत येते.)

लेक : काल शोधलंच नाही त्यांनी. खरी फुलं सापडली तर त्याच संध्याकाळी टाकून देतात म्हणे. आता कपाटात बघतायत. दागिन्याची खूण काय, म्हणून विचारलंय.

बाबा : सांग, उजव्याला सोन्याची फिरकी. डाव्याला खोडरबर.

लेक : ही काय माझी फिरकी घ्यायची वेळ आहे?

बाबा : खरंच गं. डावी फिरकी मोरीत वाहून गेली. तिनं खोडरबराचा तुकडा कापला नि मागून टोचला. म्हणाली, उद्या सोनाराकडे जाऊ. तो उद्या काही उगवला नाही.

लेक : हिरवं होतं? वासाचं?

बाबा : तुझंच. चौथीतलं.

लेक : त्या खोडरबरापायी शेजारच्या बाकावरच्या मुलीला मी चोर म्हटलं होतं! वर्षभर अबोला धरला. आणि आई आपली म्हणायची, सापडेल, सापडेल.

बाबा : सापडलं की.

लेक : शेवटपर्यंत तेच होतं कानात?

बाबा : हो. दवाखान्यात नर्स म्हणाली, दागिने काढून न्या. ही काढू देईना. म्हणे, लेक येतेय, तिलाच काढू दे.

लेक : मला रजा दिली नाही हो, बाबा.

बाबा : ठाऊक होतं तिला. मीच सांगितलं. तरी रोज दाराकडे बघायची. मग… नंतर मीच काढली. खोडरबर चटकन निघालं. फिरकी काही फिरेना. मी म्हटलं, अगं, दुखलं तर सांग. सवयीनं म्हटलं.

लेक : …बाई बोलावतायत. चला. बाबा, पिशवी! हीच ना?

बाबा : गोळ्या आहेत का बघ.

लेक : फुलांची डबी आहे.

बाबा : दे इकडे. मी देणार. "बाळ, तुझ्या आईनं…"

लेक : बोला ना.

बाबा : …घाल बाई.

लेक : उजवं गेलं. फिरकीही बसली. डावं भोक बुजत आलंय. किती वर्षांत काही घातलंच नाही.

बाबा : कान इकडे कर. दुखतंय?

लेक : नाही.

बाबा : तीही असंच म्हणायची.

लेक : गेलं. आता मागचं लावा.

बाबा : त्याचा डबीत भुगा झालाय.

लेक : सगळा?

बाबा : हुंगून बघ. वास आहे अजून. पण रडू नकोस, कान हलतो. मी फूल धरून उभा आहे.

लेक : असं किती वेळ धरणार?

बाबा : त्या बाईंना विचार ना, एखादं खोडरबर आहे का. वापरलेलं चालेल.