चिरलेला कान

दहिवडीच्या कचेरीबाहेर बनाबाई लिंबाखाली बसली होती. तिचा भाऊ धोंडीबा हक्कसोडीच्या कागदासाठी नंबर लावायला आत गेला होता. शेजारीच दुसरे एक बहीणभाऊ वाद घालत होते. बनाबाईनं तोंड फिरवलं, पण कान काही फिरवता येईनात.

"आक्का, नव्या कायद्यानं लेकीचं बी नाव बापाच्या रानाला लागतंय. तेवढा हक्क सोड. नुसता अंगठा द्यायचाय."

"आन् माझी मेंढी रं, आकाराम?"

"आता मधीच मेंढी कुठनं आली?"

"आपल्या बानं, आण्णानं, लग्नात आंदण दिलेली. तुझ्याच कळपात ऱ्हायली. तिला कोकरू झालं की आण्णा त्याचा कान चिरायचा, माझी खूण म्हणून."

"मग? हायेत की कळपात. मी खाल्ली व्हय?"

"काल कळपात फिरून बघितलं मी. जुन्या मेंढरांचं कान चिरल्यालं हायती. आण्णा गेल्यावर झालेल्या एका बी कोकराचा न्हाई."

"ऱ्हाऊन गेलं आसंल. अगं, माहेर तुझंच हाय न्हवं?"

"मग चल घरला. आधी कोकरांचं कान चीर. अंगठ्याचं मागनं बघू."

"हळू बोल, लोकं बघत्यात."

"बघू दे की!"

तेवढ्यात धोंडीबा लगबगीनं बाहेर आला.

"बने, ऊठ. आपला नंबर आला."

बनाबाई जागची हलली नाही.

"धोंडीबा, माझ्या बी आंदणाच्या मेंढीच्या कोकरांचं कान आता तूच चिरतोस न्हवं?"

"साहेब खोळंबल्यात आत," धोंडीबा म्हणाला.