दोन डब्यांची आमटी

...आणि म्हणे भिंत पडली, घर एक झालं! अहो, भिंत पाडायला काय लागतं? एक पहार आणि दोन गडी! तुम्हाला सांगते, गेल्या साली कॉलेजात सरांनी प्रश्न घातला होता, 'दुभंगलेला देश पुन्हा एक झाल्यास त्यापुढील राजकीय, आर्थिक व सामाजिक आव्हाने सांगा.' दोन्ही कोरियांच्या बोलण्यांच्या बातम्या होत्या ना तेव्हा! मी पानंच्या पानं लिहिली, वर पुरवणी मागितली... आणि लग्न होऊन पाथर्डीकडं आले, तर तोच प्रश्न अंगणात उभा!

माझे सासरे आणि चुलतसासरे सख्खे भाऊ, पण कित्येक वर्षं वेगळे, मधे भिंत. यंदा दुष्काळात सासऱ्यांची विहीर आटली, चुलतसासऱ्यांचे बैल गेले. एकाकडं बैल, एकाकडं पाणी. मोट चालणार कशी? झाले एक!

पण भिंत पाडायला काय लागतं हो! सासरे म्हणायचे, "छगन, मोट जुंप." चुलतसासरे म्हणायचे, "जुंपू नको, आदी हिरीचा झरा भरू दे." आणि गडी छगन? मधोमध बसून तंबाखू मळायचा. "आदी तुमचं सरकार ठरवा, मंग मी हलतो!"

हे बाहेरचं. आत माझ्या सासूबाई मुक्ताबाई आणि चुलतसासूबाई दगडाबाई. मी दोघींनाही आत्याबाईच म्हणते. काळ्या मसाल्याचे डबे मात्र दोन! आणि पहिल्या एकत्र जेवणाची आमटी कुणी करायची? मी! मुक्ताबाई कानाशी आल्या, "सूनबाई, मसाला आपलाच. न्हाईतर मी येगळी चूल मांडते." वळते तर दगडाबाई! "पोरी, माजा मसाला न्हाई पडला, तर सांजच्याला भिंत परत हुबी!" मी झुरळाला किंचाळणारी बाई... माझ्या पायी घर मोडलं तर? नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "गुरांकडं जाऊन येतो." गेला!

एका हातात हा डबा, दुसऱ्यात तो, खाली आमटी रटरटतेय... हा घालू का तो? तेवढ्यात मागून चुलतसासरे खाकरले, "हं-हं! झालं का गं?" मी अशी दचकले, की दोन्ही डबे पालथे! पातेल्यात! आमटी काळी ठिक्कर!

पुरुषांची पंगत बसली. भुरका मारला... सासऱ्यांचे डोळे वाहताहेत, चुलतसासऱ्यांचं नाक. मी दाराआड, सगळ्या नाथांना नवस बोलतेय... आणि सासरे म्हणाले, "वाढ आनखी!"

मग बायका बसल्या. दगडाबाई ताठ झाल्या. "असला झणका माज्याच मसाल्याचा!" मुक्ताबाई म्हणाल्या, "जा गं! खोबरं भाजल्याला वास कुनाचा हाय त्यो?" "माजा!" "माजा!" दोघींनाही वाटलं, सुनेनं माझंच ऐकलं! भांडल्या हो... पण भांडता भांडता एकमेकींना वाढत राहिल्या. खरं सांगते, माझे डोळे भरले. मसाल्यानं नव्हे. शहाणपणानं एकच मसाला चमच्यानं घातला असता तर संध्याकाळी भिंत बांधायला गवंडी आला असता! देवा, दचकणारी केलीस, उपकार झाले!

भिंत पाडायला काय लागतं... आता रोज आमटीत दोन्ही डबे. मला ठसका लागतो, "आत्याबाई, पाणी!" म्हणावं तर दोघी तांब्या घेऊन धावतात, एक पाठ चोळते, दुसरी तोंडात गूळ कोंबते, आणि दोघी, आयुष्यात पहिल्यांदा एकमतानं, म्हणतात, "हिच्या म्हायेरी तिखट खायाचं वळनच न्हाई!"

म्हणू द्या बाई. माझं माहेर लांब आहे, तिथवर ऐकू जात नाही!